नवा ग्रहीय तेजोमेघ शोधायचा आणि टिपायचा कसा?

आकाशाची इतकी सर्वेक्षणं झाल्यावरही हौशी निरीक्षकांना नवे ग्रहीय तेजोमेघ, म्हणजे प्लॅनेटरी नेब्युला, सापडतात. ६ जुलै २००८ रोजी डेव्ह ज्युरासेविच यांनी हंस तारकासमूहात एक फिकट, जवळपास अचूक गोल फुगा टिपला. तो क्रेसेंट तेजोमेघाच्या अगदी शेजारी होता आणि त्या भागाची असंख्य छायाचित्रं आधीच काढली गेली होती. अकराच दिवसांनी, १७ जुलैला, मेल हेल्म आणि कीथ क्वात्रोकी यांनीही तो स्वतंत्रपणे टिपला. आज तो 'सोप बबल' म्हणून ओळखला जातो. २०११ मध्ये माथियास क्रोनबर्गर यांना 'क्रोनबर्गर ६१' सापडला, तोही दुर्बिणीला डोळा न लावता, जुन्या सर्वेक्षणाच्या डिजिटल प्रतिमा चाळताना.

म्हणजे वाट खुली आहे. पण प्रतिमेत एखादा फिकट डाग दिसला म्हणजे शोध लागला असं होत नाही. तो डाग कॅमेऱ्यातलं प्रतिबिंब नाही, आधी नोंदलेला नाही, आणि दुसऱ्या जातीचा तेजोमेघही नाही, हे दाखवण्यातच बहुतेक मेहनत जाते. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

## १. काय शोधायचंय ते नीट समजून घ्या

सूर्याच्या साधारण १ ते ८ पट वस्तुमानाचा तारा आयुष्याच्या शेवटी बाहेरचे थर सोडून देतो. उघडा पडलेला गाभा तापत जातो. त्याचं तापमान ३०,००० केल्विनपासून १ लाखाच्याही पुढे जातं आणि त्याच्या अतिनील किरणांनी सुटलेला वायू उजळतो. हा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला नसतो. तो मोजक्या रेषांत एकवटलेला असतो:

- ओ-थ्री (दोनदा आयनित ऑक्सिजन): ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटर
- एच-अल्फा (हायड्रोजन): ६५६.३ नॅनोमीटर
- एन-टू (नायट्रोजन): ६५४.८ आणि ६५८.४ नॅनोमीटर
- एस-टू (गंधक): ६७१.६ आणि ६७३.१ नॅनोमीटर

त्यामुळेच अरुंद पट्ट्याचे फिल्टर इथे इतके उपयोगी पडतात. आकाशाचा उजेड अडतो, तेजोमेघाचा जवळजवळ सगळा प्रकाश आत येतो. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये 'कॅट्स आय' तेजोमेघाचा वर्णपट पाहिला तेव्हा हिरव्या भागातल्या या रेषा कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात. त्या ऑक्सिजनच्या आहेत हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं. अतिविरळ वायूतच त्या एवढ्या ठळक होतात.

वायू सेकंदाला २० ते ३० किलोमीटर वेगाने पसरतो, म्हणून काही दहा हजार वर्षांत तेजोमेघ विरून जातो. तरुण आणि तेजस्वी तेजोमेघ बहुतेक सापडून झाले आहेत. उरलेत ते दोन प्रकारचे: म्हातारे, मोठे आणि अत्यंत फिकट, किंवा इतके छोटे की ताऱ्यासारखेच दिसतात. हौशी छायाचित्रकाराने पहिल्या प्रकाराकडे जावं. दुसरा प्रकार मुख्यतः सूची चाळून आणि वर्णपट घेऊन हाती लागतो.

## २. काय काय लागेल

नुसत्या प्रतिमा चाळून शोध घ्यायचा असेल तर संगणक आणि इंटरनेट पुरतं. स्वतः टिपायचं असेल तर:

- ८० ते २०० मिमी व्यासाची दुर्बीण, नाभीय अंतर ४०० ते १००० मिमी. मोठ्या फिकट लक्ष्यांसाठी एफ-४ ते एफ-६ (एफ-आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले व्यास) सोयीचं.
- गायडिंग, म्हणजे एखाद्या ताऱ्यावरून दुर्बिणीचा माग सतत दुरुस्त करणं, सांभाळणारं विषुववृत्तीय माउंट. ६०० सेकंदांच्या फ्रेममध्ये तारे गोल राहिले पाहिजेत.
- थंड केलेला मोनोक्रोम कॅमेरा. रंगीत कॅमेऱ्यावर दुहेरी फिल्टर लावूनही काम होतं, पण एच-अल्फाचा प्रकाश फक्त लाल पिक्सेलवर, म्हणजे चारातल्या एकावरच पडतो.
- एच-अल्फा आणि ओ-थ्री फिल्टर, ३ ते ७ नॅनोमीटर. शिवाय ताऱ्यांच्या रंगांसाठी लाल, हिरवा, निळा.
- गायड कॅमेरा, दव रोखणारी हीटर पट्टी, फ्लॅट फ्रेमसाठी (धुळीचे डाग आणि असमान उजेड दुरुस्त करणाऱ्या फ्रेम) एकसारखा उजेड देणारं पॅनेल.
- सॉफ्टवेअर: चित्रण चालवायला नीना, गायडिंगला पीएचडी-२, प्रतिमेतल्या ताऱ्यांवरून जागा काढायला अॅस्टॅप, प्रक्रियेला सिरिल किंवा पिक्सइनसाइट, सर्वेक्षणं पाहायला अलादिन.

किती बारकावा दिसेल ते आधी काढा: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६.२६५ ने गुणा, नाभीय अंतराने (मिमी) भागा. ३.७६ मायक्रॉन आणि ६०० मिमी असेल तर पिक्सेलमागे १.२९ विकला (अंशाचा ६० वा भाग म्हणजे कला, कलेचा ६० वा भाग म्हणजे विकला). फिकट आणि मोठ्या लक्ष्याला १ ते २.५ विकला उत्तम. याहून बारीक पिक्सेल असतील तर प्रकाश वाटला जातो आणि पदरात गोंगाट पडतो. अशा वेळी २×२ बिनिंग करा, म्हणजे शेजारचे चार पिक्सेल एकत्र करा.

## ३. कुठे आणि कसं शोधायचं

एच-अल्फामधली मोठी सर्वेक्षणं आकाशगंगेच्या प्रतलाजवळ, म्हणजे तिच्या चकतीच्या पातळीजवळ, झाली आहेत. ला पाल्मा बेटावरच्या २.५ मीटर आयझॅक न्यूटन दुर्बिणीने केलेलं आयफास सर्वेक्षण उत्तरेकडच्या प्रतलाच्या दोन्ही बाजूंना ५ अंशांपर्यंत जातं. दक्षिणेत यूके श्मिट दुर्बिणीच्या एच-अल्फा सर्वेक्षणातून निघालेल्या मॅश सूचीने २००६ मध्ये सुमारे ९०० तेजोमेघांची भर घातली. या पट्ट्यात नवीन सापडणं अशक्य नाही, पण तिथे बारकाईने पाहून झालेलं आहे.

ओ-थ्रीमध्ये मात्र मोठी सर्वेक्षणं फारशी झालेली नाहीत. तुमची खरी संधी इथेच आहे, आणि यात आमचं अजिबात दुमत नाही: नवख्याने ओ-थ्रीवरच वेळ घालवावा. पुरावा देवयानी दीर्घिकेजवळच मिळतो. इतक्या वेळा टिपलेल्या त्या भागात ओ-थ्रीचा एक लांबलचक कंस होता. झेवियर स्ट्रॉटनर, मार्सेल ड्रेक्सलर आणि यान सेंटी यांनी तो टिपला आणि २०२३ च्या सुरुवातीला जाहीर केला. तो ग्रहीय तेजोमेघ म्हणून जाहीर झालेला नाही, पण ओ-थ्रीत किती राहून गेलंय हे त्यावरून कळतं.

धूळ ओ-थ्रीचा हिरवा प्रकाश एच-अल्फाच्या लाल प्रकाशापेक्षा जास्त गिळते. म्हणून प्रतलापासून ५ ते २० अंशांवरचा पट्टा ओ-थ्रीसाठी निवडा, आणि अगदी प्रतलात उतरायचं असेल तर एच-अल्फावर भर द्या.

प्रतिमा चाळून शोध. अलादिनमध्ये डीएसएस आणि पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणांचे थर उघडा. (पॅन-स्टार्स क्रांती, म्हणजे आकाशातलं अक्षांश, −३० अंशांच्या उत्तरेलाच मिळतं.) अर्ध्या अंशाचा चौकोन घेऊन ओळीने सरकत जा, कॉन्ट्रास्ट खूप ताणा, आणि झूम कमी ठेवा. मोठा फिकट गोल जवळून पाहिला तर हरवतो. पॅन-स्टार्सच्या 'जी' पट्ट्यात ओ-थ्री येतो, 'आर' मध्ये एच-अल्फा येतो, 'आय' आणि 'झेड' मध्ये ठळक रेषा नाही. म्हणून जी आणि आर मध्ये दिसणारा आणि आय-झेड मध्ये नाहीसा होणारा डाग चांगला उमेदवार. उलट लालकडे जाताना उजळत जाणारा डाग बहुधा दूरची दीर्घिका असते.

स्वतःच्या प्रतिमांतून शोध. दुसऱ्याच लक्ष्यासाठी घेतलेल्या ओ-थ्री प्रतिमांचे कोपरे तपासा. तारे काढून टाकलेली प्रत करा, ४×४ बिनिंग करा, हलकं धूसर करा, मग ताणा. तारे काढणाऱ्या साधनांवर इथे आंधळा विश्वास ठेवू नका. ठळक ताऱ्यांच्या जागी ती गोल, धूसर चकत्या सोडतात आणि त्या हुबेहूब तेजोमेघासारख्या दिसतात. प्रत्येक संशयित मूळ प्रतिमेत परत जाऊन पाहा.

## ४. डाग खरा आहे का?

सर्वाधिक फसगत इथे होते. ठळक ताऱ्याचा प्रकाश सेन्सर, फिल्टर आणि काचांमध्ये उसळून फोकसबाहेरची गोल चकती तयार करतो. तिचा व्यास सेन्सरवर किती असेल ते काढता येतं: उसळीमुळे वाढलेलं अंतर भागिले एफ-आकडा. २ मिमी जाडीच्या फिल्टरच्या दोन पृष्ठभागांत प्रकाश उसळला तर काचेचा अपवर्तनांक धरून हे अंतर सुमारे २.७ मिमी होतं. एफ-५ वर चकती ०.५३ मिमी, म्हणजे ३.७६ मायक्रॉनचे १४० पिक्सेल. ६०० मिमी नाभीय अंतरावर ती आकाशात साधारण ३ कलांची दिसते. अनेक खऱ्या ग्रहीय तेजोमेघांचा आकार नेमका एवढाच असतो.

तपासण्या, या क्रमाने:

1. डागाच्या मध्याशी किंवा जवळपास ठळक तारा आहे का? त्याच प्रतिमेत तितक्याच ठळक दुसऱ्या ताऱ्याभोवती तसाच डाग आहे का? असेल तर तिथेच थांबा.
2. लक्ष्य चौकटीत दुसरीकडे, किमान अर्ध्या अंशाने सरकवून पुन्हा टिपा. प्रतिबिंब ताऱ्याच्या संदर्भात हलतं, तेजोमेघ हलत नाही.
3. कॅमेरा ९० अंशांनी फिरवून पुन्हा टिपा.
4. वेगवेगळ्या रात्रींच्या फ्रेम स्वतंत्रपणे स्टॅक करा, म्हणजे एकावर एक जुळवून एकत्र करा. डाग दोन्हींत त्याच जागी हवा.
5. शक्य असल्यास दुसऱ्या निरीक्षकाला, वेगळ्या दुर्बिणीतून, तीच जागा टिपायला सांगा. याला तोड नाही.

सेन्सरवरची धूळ, फ्लॅटची चुकलेली दुरुस्ती आणि आधीच्या फ्रेममधल्या ठळक ताऱ्याचा उरलेला ठसा हेही डाग तयार करतात. डिदरिंग, म्हणजे दर दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण काही पिक्सेल इकडेतिकडे हलवणं, यांतले बारीक दोष धुऊन काढतं. धुळीच्या मोठ्या वर्तुळांना मात्र नीट घेतलेले फ्लॅटच लागतात.

## ५. कुणाला आधीच माहीत आहे का?

अॅस्टॅपने प्रतिमेची जागा निश्चित करा आणि डागाच्या मध्याचे विषुवांश-क्रांती विकलेपर्यंत लिहून काढा. मग:

- सिम्बाड: खगोलीय वस्तूंचा ऑनलाइन आधारसंच. त्या बिंदूभोवती ५ कलांच्या त्रिज्येत शोधा. मोठ्या तेजोमेघांचा नोंदलेला मध्य कधीकधी काही कला सरकलेला असतो, म्हणून त्रिज्या डागाच्या व्यासाइतकी तरी ठेवा.
- हॅश: हाँगकाँग विद्यापीठातून चालणारा ग्रहीय तेजोमेघांचा आधारसंच. यात साडेतीन हजारांहून अधिक नोंदी आहेत आणि प्रत्येकीपुढे खात्रीचा, संभाव्य किंवा शक्य असा दर्जा असतो. नाकारलेले तेजोमेघही इथे दिसतात, तेही पाहा.
- व्हिझिएर: शार्पलेस, एबेल, वाइज या अवरक्त अवकाश दुर्बिणीचे एच-टू प्रदेश (पुढच्या भागात पाहा), अतिनवताऱ्यांचे अवशेष अशा सूची एकत्र चाळायला.
- हौशी निरीक्षकांच्या उमेदवार-याद्या. फ्रान्समधल्या हौशी मंडळींनी हे काम अनेक वर्षं शिस्तीने चालवलं आहे. यादीत असलेला पण वर्णपट न झालेला उमेदवार सिम्बाडमध्ये नसू शकतो.

सिम्बाडमध्ये काही सापडलं नाही म्हणून लगेच 'नवा तेजोमेघ' अशी घोषणा करू नका. वरच्या चारही ठिकाणी पाहा, तारखेसह काय शोधलं ते लिहून ठेवा. पुढे विचारलं जातंच.

## ६. सोंगं ओळखा

एच-टू प्रदेश. गरम, मोठ्या ताऱ्याने उजळलेला आसपासचा वायू. आकार बहुधा अनियमित, एच-अल्फा ठळक आणि ओ-थ्री कमी. वाइजच्या १२ मायक्रॉन प्रतिमेत धुळीची तेजस्वी कड दिसते.

गरम ताऱ्याने वाटेत उजळवलेला वायू. हे सगळ्यात अवघड सोंग. गरम बटुतारा आकाशगंगेतल्या कुठल्याशा ढगातून जातो आणि भोवतालचा वायू पेटतो. तो वायू ताऱ्याने सोडलेला नसतोच. पीएचएल ९३२ भोवतीचा तेजोमेघ बराच काळ ग्रहीय म्हणून नोंदलेला होता. २०१० मध्ये तो असाच असल्याचं दाखवलं गेलं.

अतिनवताऱ्याचे अवशेष. तंतू, तुकड्या-तुकड्यांची कड आणि ठळक एस-टू. एस-टू आणि एच-अल्फाचं गुणोत्तर ०.४ पेक्षा जास्त असेल तर धक्क्याच्या लहरीचा संशय घ्या.

वुल्फ-राये (मोठ्या, अतितप्त) ताऱ्यांची कवचं. मध्यभागी ठळक तारा आणि त्याच्या वर्णपटात रुंद रेषा.

सिम्बायोटिक तारे. छोट्या, ताऱ्यासारख्या उमेदवारांत नेहमी आढळतात. टू-मास सूचीत ते अवरक्तमध्ये फार ठळक असतात, कारण जोडीत लाल राक्षसी तारा असतो.

निकोला उतेर यांनी २०११ मध्ये टिपलेला 'ओयू ४', म्हणजे स्क्विड तेजोमेघ, याच कारणासाठी अभ्यासण्यासारखा आहे. ओ-थ्रीत एक अंशाहून लांब, दोन बाजूंना पसरलेला. सुरुवातीला तो ग्रहीय तेजोमेघाचा उमेदवार मानला गेला. २०१४ च्या अभ्यासात तो एचआर ८११९ या तप्त ताऱ्यांच्या त्रिकुटातून निघालेला प्रवाह असण्याची शक्यता पुढे आली. शोध मोठा, वर्ग मात्र वादातला. तुमच्या अहवालात 'ग्रहीय तेजोमेघाचा उमेदवार' एवढंच लिहा.

## ७. मध्यवर्ती तारा शोधा

मध्यभागी निळा, फिकट तारा सापडला तर उमेदवाराचं वजन एकदम वाढतं. ताऱ्यांच्या जागा आणि अंतरं मोजणाऱ्या गाया मोहिमेच्या २०२२ च्या डीआर-३ सूचीत तेजोमेघाच्या आतले सगळे तारे काढा आणि रंगानुसार लावा. धूळ नसेल तर खूप गरम ताऱ्याचा बीपी-वजा-आरपी आकडा (निळ्या आणि लाल पट्ट्यांतल्या प्रतींमधला फरक) उणे असतो, साधारण −०.५ च्या आसपास. धुळीमागे तो शून्याच्या वर सरकतो, म्हणून शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करा. गॅलेक्स या अवकाश दुर्बिणीच्या अतिनील प्रतिमेत तो ठळक दिसत असेल तर अधिक चांगलं.

तारा मिळाला की गणित जुळवा. समजा पॅरॅलॅक्स (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचं दिसणारं सरकणं) १.६ मिलिविकला आणि त्याची त्रुटी त्याच्या पाचव्या भागाहून कमी. अंतर १००० ÷ १.६ = ६२५ पार्सेक. तेजोमेघाचा व्यास ८ कला, म्हणजे ४८० विकला. खरा व्यास ६२५ × ४८० ÷ २०६२६५, सुमारे १.४५ पार्सेक किंवा ४.७ प्रकाशवर्षं. सेकंदाला २५ किमी वेगाने एवढं पसरायला साधारण २८ हजार वर्षं लागतात. म्हातारा पण पटण्याजोगा. हेच उत्तर ५ पार्सेक आलं असतं तर तारा चुकीचा तरी आहे किंवा वस्तू वेगळी तरी आहे.

तारा मध्यापासून सरकलेला असला म्हणून नाकारू नका. म्हाताऱ्या तेजोमेघाची पुढची कड आंतरतारकीय वायूवर दाबली जाऊन उजळते आणि तारा त्या कडेकडे सरकलेला दिसतो. गायाने दिलेली निजगती, म्हणजे ताऱ्याचं आकाशातलं स्वतःचं सरकणं, उजळ कडेच्या दिशेने असेल तर हा उलट बाजूने मिळालेला पुरावाच आहे.

## ८. छायाचित्रण

थेट अज्ञात डागावर जाऊ नका. हात बसवण्यासाठी हा क्रम ठेवा: एम २७ (मेसिएने १७६४ मध्ये शोधलेला, तेजस्वी), मग लिंक्समधला जोन्स-एम्बरसन १, मग शौरीमधला एबेल ३९ (जवळपास पूर्ण गोल, साधारण ३ कला, ओ-थ्रीत), शेवटी सोप बबल. सोप बबलची कड स्वच्छ निघू लागली की तुमचा संच नव्या शोधाला तयार आहे.

फिल्टर. ३ नॅनोमीटरचा एच-अल्फा फिल्टर ६५६.३ च्या दोन्ही बाजूंना दीड नॅनोमीटर घेतो, म्हणून ६५८.४ ची एन-टू रेषा जवळपास पूर्ण कापली जाते. ६-७ नॅनोमीटरचा फिल्टर दोन्ही आत घेतो. दोन पाळ्यांच्या आकाराच्या तेजोमेघांत एन-टू फार ठळक असू शकतो, तिथे रुंद फिल्टर जास्त दाखवेल. अंधाऱ्या आकाशाखाली ६-७ घ्यायला हरकत नाही, शहराच्या उजेडात ३. एफ-३ किंवा त्याहून वेगवान दुर्बिणीत तिरक्या किरणांमुळे फिल्टरचा पट्टा निळ्याकडे सरकतो आणि ३ नॅनोमीटरच्या फिल्टरमधून खुद्द लक्ष्यरेषाच निसटू शकते. वेगवान दुर्बिणीसाठी बनवलेलाच फिल्टर वापरा.

चंद्र. एच-अल्फा चंद्रप्रकाशातही चालतो, चंद्र ६० अंशांहून दूर असला तर. ओ-थ्री फक्त चंद्र मावळल्यावर. चांदण्यात घेतलेले ओ-थ्रीचे तास स्टॅकमध्ये घातले तर प्रतिमा सुधारण्याऐवजी बिघडू शकते.

फ्रेमची लांबी. आकाशाच्या उजेडाचा गोंगाट कॅमेऱ्याच्या वाचन-गोंगाटापेक्षा बराच जास्त होईल इतकी. अरुंद फिल्टर आणि अंधारं आकाश असेल तर ३०० ते ६०० सेकंद. ताऱ्यांचे रंग टिपायला लाल-हिरव्या-निळ्यात ६० ते १२० सेकंदांच्या फ्रेम, प्रत्येकी अर्धा ते एक तास पुरे.

एकूण वेळ. स्पष्टता वेळेच्या वर्गमुळाने वाढते: दुप्पट स्वच्छ हवं तर चौपट तास. माहीत असलेल्या फिकट तेजोमेघाला १०-१५ तास, नव्या उमेदवाराला ओ-थ्रीत ३० ते ६० तास धरून चला. पहिल्या ५-६ तासांनंतर स्टॅक करून पाहा. ४×४ बिनिंगनंतरही काहीच उमटत नसेल तर दुसऱ्या फिल्टरकडे वळा, तोच हट्ट धरू नका.

उंची. लक्ष्य क्षितिजापासून ३५ अंशांच्या वर असतानाच टिपा. खाली ओ-थ्री आधी मरतो.

कॅलिब्रेशन. फ्रेमच्याच तापमानाला, गेनला आणि लांबीला २०-३० डार्क (दुर्बीण झाकून घेतलेल्या फ्रेम). प्रत्येक फिल्टरचे वेगळे २५-३० फ्लॅट, कॅमेरा न फिरवता आणि फोकस न बदलता. फ्लॅटच्याच लांबीचे फ्लॅट-डार्कही घ्या. ओ-थ्रीच्या फ्लॅटमध्ये जोडणीच्या फटीतून शिरणारा उजेड नेहमी त्रास देतो, म्हणून अंधारात घ्या.

## ९. प्रक्रिया: पुराव्याची प्रत वेगळी

दोन प्रती ठेवा. एक सुंदर, एक पुराव्याची. पुराव्याच्या प्रतीवर फक्त कॅलिब्रेशन, जुळणी, स्टॅक, सौम्य पार्श्वभूमी-दुरुस्ती आणि ताण. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी धार वाढवणारी किंवा गोंगाट काढणारी साधनं त्या प्रतीला लावू नका. फिकट गोंगाटातून ती नसलेले तंतू उभे करतात.

पार्श्वभूमी सपाट करणारी स्वयंचलित साधनं मोठा, फिकट तेजोमेघ उतार समजून पुसून टाकतात. नमुना-बिंदू हाताने, डागापासून दूर ठेवा. साधनाने काय वजा केलं ती प्रतिमा उघडून पाहा. तिच्यात तुमच्या डागाचा आकार दिसला तर बिंदू बदला.

आणखी एक उपयोगी पायरी: लाल पट्ट्याची प्रतिमा योग्य प्रमाणात गुणून एच-अल्फामधून, आणि हिरवी ओ-थ्रीमधून वजा करा. ताऱ्यांचा सलग प्रकाश जातो, रेषांचा प्रकाश उरतो. दीर्घिका आणि परावर्तन तेजोमेघ इथे नाहीसे होतात. तुमचा डाग उरला तर तो वायूच आहे.

सुंदर प्रतीसाठी एच-अल्फा लालला, ओ-थ्री हिरवा आणि निळ्याला द्या, तारे आरजीबीतले बसवा.

## १०. वर्णपट

इथपर्यंत सगळं जुळलं तरी वर्णपटाशिवाय उमेदवार खात्रीचा होत नाही. स्वतःकडे झिरीचा वर्णपटमापक आणि २०० मिमी किंवा मोठी दुर्बीण असेल तर प्रयत्न करा: झिरी तेजोमेघाच्या सर्वांत उजळ कडेवर ठेवा, मध्यभागी नको, २० मिनिटांच्या फ्रेम, एकूण काही तास, आणि तेवढ्याच उंचीवरच्या प्रमाणित ताऱ्याचा वर्णपट त्याच रात्री. विभेदनक्षमता १००० किंवा जास्त असावी, ६०० ला एच-अल्फा आणि एन-टू जेमतेम सुटतात.

वाचताना काय पाहायचं:

- ५००.७ आणि ४९५.९ चं गुणोत्तर ३ च्या जवळ हवं. हे अणूच्या गुणधर्मावरून ठरलेलं आहे. फार वेगळं आलं तर तुमच्या मोजमापात चूक आहे.
- एच-अल्फा आणि एच-बीटाचं (हायड्रोजनचीच ४८६.१ नॅनोमीटरची रेषा) गुणोत्तर धुळीविना सुमारे २.८६. जास्त असेल तितकी मध्ये धूळ.
- ५००.७ ची रेषा एच-बीटाच्या पाच पटींहून ठळक असेल तर ग्रहीय तेजोमेघाच्या बाजूने मोठं वजन.
- ४६८.६ नॅनोमीटरची आयनित हेलियमची रेषा दिसली तर उत्तमच. इतका गरम तारा साध्या एच-टू प्रदेशात क्वचितच असतो.

आकाशातल्या दिव्यांच्या रेषा नीट वजा करा; झिरीचा तेजोमेघाबाहेरचा भाग त्यासाठीच राखून ठेवायचा. मोठ्या तेजोमेघात झिरी पूर्ण बुडत असेल तर आकाशाची फ्रेम वेगळी घ्या.

उपकरण नसेल तर वर्णपट घेणाऱ्या हौशी गटांना लिहा. ते उमेदवार स्वीकारतात, आणि वरच्या तपासण्या सोबत असतील तर तुमचा उमेदवार रांगेत पुढे घेण्याची शक्यता वाढते.

## ११. नोंद करा

अहवाल हॅशच्या गटाला आणि हौशी उमेदवार-यादी सांभाळणाऱ्यांना पाठवा. अतिनवतारे किंवा धूमकेतूंच्या सूचना जिथे देतात ती ठिकाणं यासाठी नाहीत. सोबत हे द्या:

- मध्याचे विषुवांश आणि क्रांती (जे-२०००), आणि आकाशगंगेचे रेखांश-अक्षांश
- व्यास कलांत किंवा विकलांत, आकाराचं वर्णन
- शोधाची तारीख आणि पद्धत: स्वतःची प्रतिमा की सर्वेक्षण
- दुर्बीण, कॅमेरा, फिल्टरची रुंदी, प्रत्येक फिल्टरमधला एकूण वेळ
- ओ-थ्री आणि एच-अल्फाच्या वेगवेगळ्या, उत्तर वर ठेवलेल्या प्रतिमा, मोजपट्टीसह
- मूळ फिट्स फाइल, जागेच्या माहितीसह
- मध्यवर्ती ताऱ्याचा गाया क्रमांक, पॅरॅलॅक्स, रंग
- कुठल्या सूची कधी तपासल्या

खात्री झालेल्या तेजोमेघाला पीएन जी आणि पुढे आकाशगंगेतले निर्देशांक असं नाव मिळतं. सोप बबल म्हणजे पीएन जी ०७५.५+०१.७: रेखांश ७५.५, अक्षांश +१.७ अंश. दशांशानंतरचे पुढचे आकडे तोडायचे असतात, पूर्णांकित करायचे नसतात. ७५.५८ असेल तरी ७५.५ च लिहा. शोधकाच्या नावाचं संक्षिप्त रूप आणि क्रमांक हे नाव त्याच्या जोडीने चालतं.

अहवाल पाठवायला उशीर करू नका. सोप बबलचे दोन स्वतंत्र शोध अकरा दिवसांच्या अंतराने लागले होते. उत्तर यायला मात्र महिने लागू शकतात, कारण दक्षिणेकडच्या किंवा हंगाम संपलेल्या लक्ष्याचा वर्णपट पुढच्या हंगामातच घेता येतो. तोवर ओ-थ्रीचे आणखी तास जमवत राहा आणि फ्रेम फ्लॅट-डार्कसकट, कच्च्या स्वरूपात, दोन वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. वर्णपटानंतर उमेदवार एच-टू प्रदेश ठरला तरी हॅशमध्ये त्याची तशी नोंद राहते, आणि पुढे त्याच जागी थांबणाऱ्याचे तास वाचतात.